पूरमदत बॉट : एका टोकनवर एकच वाचणारा

६ मे

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या पूरमदत बॉटची सगळी मांडणी आज ताब्यात घेतली. पावसाला अजून महिनाभर अवकाश आहे, पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की कोड वाचत बसायला कुणाला वेळ नसतो. जे करायचं ते आत्ताच.

बॉट म्हणजे निरोप घेणारं आणि आपोआप उत्तर देणारं खातं. आमचा टेलिग्रामवर चालतो. प्रयाग चिखली, आंबेवाडी, सुतारवाडा आणि नदीकडच्या गल्ल्यांतली माणसं त्यावर लिहितात : घरात किती जण, जनावरं किती, कुणी अंथरुणाला खिळलंय का, कुठं हलवायचं. बॉट ते नोंदीत घेतो आणि पेठेतल्या पोरांच्या गटाला कळवतो. शिवाय राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी प्रशासनाकडून जाहीर झाली की ती सगळ्यांना पाठवतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या तक्रारींची वही तालमीतल्या तात्यांनी दिली. बऱ्याच ठिकाणी एकच गाऱ्हाणं : बॉट कधी उत्तर देतो, कधी गप्प बसतो. चिखलीच्या एका काकांचे शब्द पोरांनी जसेच्या तसे लिहून ठेवलेत. "सकाळीच टाकलंय की ओ मी, दोन म्हशी आन् एक रेडकू. पोचलंच न्हाई म्हंता?" त्यांच्या फोनवर निरोप गेलेला दिसत होता. आमच्या नोंदीत तो नव्हता. ही ओळ वाचल्यावर बाकीची कामं मागं टाकली आहेत. काकांचा निरोप गेला कुठं, हे आधी शोधायचं.

८ मे

जुने लॉग, म्हणजे बॉटनं चालताना आपोआप लिहिलेली टिपणं, सापडले. पानंच्या पानं चूक कळवणाऱ्या एकाच संदेशानं भरलेली : चूक क्रमांक ४०९, संघर्ष, दुसऱ्या गेटअपडेट्स विनंतीमुळे ही विनंती बंद केली, बॉटची एकच प्रत चालू असल्याची खात्री करा.

हे कसं होतं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढं हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागणार नाही. टेलिग्रामकडून निरोप घ्यायच्या दोन वाटा आहेत. एक पोलिंग : आपण गेटअपडेट्सची विनंती करायची, "काही आलंय का?" विचारायचं. त्यात टाइमआउट ३० सेकंद दिला, तर निरोप येईपर्यंत किंवा तेवढा वेळ संपेपर्यंत टेलिग्राम ती विनंती धरून ठेवतं. दुसरी वाट वेबहुक : तिथं टेलिग्राम स्वतःच आपल्या पत्त्यावर निरोप आणून टाकतं. दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत.

टोकन म्हणजे बॉट चालवायची गुप्त किल्ली, पासवर्डसारखी. पोलिंगमध्ये एका टोकनवर एकाच विनंतीला जागा असते. दुसरी आली की पहिली तोडली जाते आणि पहिलीच्या हाती ४०९ पडतो. पहिली प्रोसेस, म्हणजे बॉटचा चालू असलेला प्रोग्राम, काही सेकंद थांबून परत विचारते, तेव्हा दुसरीची विनंती तुटते. असं दिवसभर चालू राहतं. बाहेरून बॉट जिवंत दिसतो, कारण मधल्या फटीत ज्याची विनंती उभी असेल त्याला निरोप मिळतच असतात.

खरा घात ऑफसेटमध्ये आहे, म्हणजे 'या क्रमांकापासून पुढचे निरोप द्या' असं सांगणाऱ्या आकड्यात. प्रत्येक निरोपाला एक अपडेट क्रमांक असतो. पुढच्या विनंतीत त्याच्यापेक्षा मोठा ऑफसेट दिला की टेलिग्राम तो निरोप पोचला असं धरतं आणि परत कधीच देत नाही. म्हणजे दोन प्रोसेस एकाच बॉटवर असल्या की प्रत्येक निरोप दोघींपैकी एकीलाच मिळतो. जिला मिळाला ती भलत्याच डेटाबेसला जोडलेली असेल, तर निरोप तिथं जातो आणि खऱ्या नोंदीत त्याचा मागमूस राहत नाही. लॉगमधला ४०९ सगळ्यांना दिसतो. हरवलेला निरोप कुणालाच दिसत नाही.

११ मे

कोण कोण वाचतंय याची मोजदाद करायला घेतली. भाड्याच्या सर्व्हरवरची मुख्य सर्व्हिस तर आहेच. तालमीच्या खोलीत इन्व्हर्टरवर चालणारा छोटा संगणक आहे. सर्व्हर पडला तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला, आणि तो कायम वाचत होता. दक्षता म्हणून केलेली सोय आणि नेमकी तीच निरोप खात होती.

तिसरी जागा लवकर लक्षात आली नाही. पाणीपातळी पाठवणारी वेगळी प्रोसेस आहे. तिचं काम फक्त पाठवायचं, पण लायब्ररी सुरू करताना तिच्यात पोलिंगही सुरू होतं. पाठवायला पोलिंग लागत नाही. सेंडमेसेज, म्हणजे निरोप पाठवायची विनंती, कितीही प्रोसेसनी एकाच टोकनवर केलं तरी ४०९ येत नाही. तिथं बंधन असतं ते वेगाचं : एका चॅटला सेकंदाला एकच्या आसपास, गटात मिनिटाला २०, सगळ्यांना मिळून सेकंदाला साधारण ३०. म्हणून त्या प्रोसेसमधलं पोलिंग काढून टाकलं.

चौथी सर्व्हरवरच, मुख्य सर्व्हिसच्या पोटात. नोंदी बघायचं वेबपान गुनिकॉर्न या वेबसर्व्हरवर चालतं आणि बॉटही त्याच ॲपमध्ये सुरू होतो. वर्कर, म्हणजे त्याच ॲपच्या प्रती, चार ठेवले की वाचणारे चार. वेबपान ज्यात बांधतात त्या फ्लास्कचा डीबग रीलोडर (कोड बदलला की ॲप परत सुरू करणारी सोय) चालू असला की एका ॲपच्या दोन प्रोसेस उभ्या राहतात, तोही प्रकार याच जातीचा. बॉट वेबपानापासून तोडून स्वतंत्र सर्व्हिस केला. हे करायलाच हवं होतं. त्यांचं जगणंमरणं एकमेकांशी बांधायचं काही कारण नाही.

उरले पोरांचे लॅपटॉप. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मदतीला येते. तिनं विचारलं, "ताई, मग मी चाचणी कशावर करू?" बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉट काढून देणाऱ्या बॉटकडून सरावासाठी वेगळा बॉट काढून दिला, त्याचं टोकन वेगळं. खरं टोकन आता फक्त दोन यंत्रांवर राहील, कोडच्या कोठारात नाही.

१३ मे

वेबहुकवर जावं का, याचा विचार केला. मोह होतो, कारण तिथं हा झगडाच नाही. एक पत्ता, त्यामागं हव्या तितक्या प्रोसेस. पण त्याला बाहेरून पोचता येणारा एचटीटीपीएस पत्ता लागतो आणि पोर्ट ४४३, ८०, ८८ किंवा ८४४३ यांपैकीच. तालमीतला संगणक मोबाइल राउटरच्या मागं आहे. त्याला बाहेरून हाक मारायची सोयच नाही. पुरात तर राउटरमधलं कार्ड बदलायची वेळ येते. आतून बाहेर विचारणारं पोलिंग तिथं चालतं, वेबहुक चालत नाही. पोलिंगच ठेवते.

मात्र सुरू होताना गेटवेबहुकइन्फो विचारून बघायचं, कुणी चाचणीत वेबहुक लावून ठेवलाय का. तो लावलेला असला तर गेटअपडेट्सला ४०९ च मिळतो, मजकूर तेवढा निराळा असतो. घाईत दोन्हींत घोळ होतो.

१७ मे

लॉकचं काम सुरू केलं, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसला वाचू देणाऱ्या कुलपाचं. आधी एका यंत्रापुरतं.

जुन्या कोडमध्ये पीआयडी फाइल होती : सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक फाइलीत लिहायचा, जाताना फाइल पुसायची. वीज गेली की पुसायला कुणी उरत नाही. संगणक परत चालू झाला की ती फाइल सांगते "आत कुणीतरी आहे", आणि बॉट उठतच नाही. किंवा तोच क्रमांक दुसऱ्याच एखाद्या प्रोसेसला मिळालेला असतो. कोल्हापुरात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं या पद्धतीवर विसंबू नये.

त्याऐवजी फ्लॉक ही फाइलीवर लॉक लावायची सोय घेतली. फाइल उघडायची आणि कर्नलकडून, म्हणजे संगणकाच्या यंत्रणेच्या गाभ्याकडून, तिच्यावर एकट्यापुरतं लॉक मागायचं. प्रोसेस कशीही मेली, मारली किंवा कोसळली, तरी फाइल बंद होते आणि लॉक सुटतं. फाइल डिस्कवर राहिली तरी बिघडत नाही. लॉक फाइलीच्या असण्यात नसतं, ती उघडी धरण्यात असतं. एक सावधगिरी : आपण फोर्क केलेल्या, म्हणजे आपल्यातूनच काढलेल्या, पोरप्रोसेसकडेही ती उघडी फाइल जाते. आई मेली आणि पोर जगलं तर लॉक अडकून राहतं. म्हणून लॉक घेतल्यानंतर या सर्व्हिसमध्ये फोर्क नाही.

२१ मे

दोन यंत्रांमधलं लॉक. इथं फ्लॉकचा उपयोग नाही, दोघांनाही दिसणारी जागा हवी. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, त्याचं अ‍ॅडव्हायझरी लॉक वापरलं : कुठल्या तक्त्यावर न बसता नुसत्या एका आकड्यावर बसणारं. जोडणी करायची, 'मिळतंय का बघ' अशा पद्धतीनं लॉक मागायचं, मिळालं तर वाचायला लागायचं. नाही मिळालं तर पाच सेकंदांनी परत विचारायचं, पण टेलिग्रामकडे फिरकायचं नाही. राखीव यंत्रानं वाट बघायची ती लॉकची. तालमीतला संगणक आता असाच उभा राहील.

लॉकला एक मोठा आकडा द्यावा लागतो. बॉटचा स्वतःचा क्रमांक दिला, म्हणजे टोकनमधला अपूर्णविरामाच्या आधीचा भाग. तो गुप्त नसतो, टोकन बदललं तरी तोच राहतो आणि सरावाच्या बॉटचा वेगळा असल्यानं दोन बॉट एकमेकांना अडवत नाहीत.

हे लॉक सेशनला, म्हणजे डेटाबेसशी उघडलेल्या एका जोडणीला, चिकटलेलं असतं. मधे जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर व्यवहारागणिक जोडणी बदलण्याच्या पद्धतीत असला, तर लॉक कुणाच्या सेशनवर बसलंय याचा भरवसा राहत नाही. लॉकसाठी थेट जोडणी ठेवली आहे.

२४ मे

आज सराव बॉटवर तालमीतल्या संगणकाला वाचक केलं आणि भिंतीतून प्लग काढला. सर्व्हरवरची प्रोसेस लॉक मागत राहिली. मिळेचना. चहा आला, संपला, तरी नाही.

कारण सापडलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रोसेस मेली तर यंत्राचं कर्नल समोरच्याला 'जोडणी बंद' असं कळवतं. वीजच गेली तर कळवणार कोण? पोस्टग्रेसच्या दृष्टीनं ती जोडणी शांत आहे, मेलेली नाही. लिनक्स अशा गप्प जोडणीची विचारपूस डीफॉल्टनं ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी सुरू करतं. मग ७५ सेकंदांच्या अंतरानं नऊ वेळा हाका मारतं. एकूण दोन तास अकरा मिनिटं. पाणी गल्लीत शिरायला लागलेलं असताना तेवढा वेळ एकही निरोप कुणी वाचणार नाही.

पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये ते आकडे बदलले : २० सेकंद शांतता, मग दहा-दहा सेकंदांनी तीन हाका. आता मेलेली जोडणी ५० सेकंदांच्या आसपास तुटते. प्लग पुन्हा काढला, मिनिटभरात सर्व्हरनं वाचायला घेतलं. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मलाही तितकाच आनंद झाला.

उलटी बाजूही बघावी लागली. तालमीतला संगणक चालूच आहे, फक्त डेटाबेसपर्यंतचा रस्ता तुटलाय. पोस्टग्रेस त्याचं लॉक काढून सर्व्हरला देईल आणि याला वाटेल लॉक अजून आपल्याचकडे आहे. म्हणून दर पोलिंगआधी त्याच जोडणीवर एक साधी विचारणा करायची आणि तिला पाच सेकंदांची मुदत द्यायची. उत्तर नाही तर वाचणं बंद. पोलिंगचा टाइमआउट ३० वरून २० वर आणला. एक पूर्ण फेरी लॉक हातातून जायच्या आत संपलेली असली पाहिजे.

२८ मे

लॉक असूनही ४०९ आला तर काय करायचं, यावर तात्या, ती मुलगी आणि मी तिघं बसलो. तिचं म्हणणं, "सरळ बंद व्हायचं ताई, दुसरा आहे म्हणजे तो वाचेल." वरवर पटतं. पण दोन्ही प्रोसेस हाच नियम पाळतील आणि दोघींनाही पाठोपाठ ४०९ मिळाला, तर दोघीही बंद होतील. "म्हंजे तुम्ही आधी, तुम्ही आधी करत दोघंबी दारातच," तात्या म्हणाले.

ठरलं ते असं. ज्याच्याकडे लॉक नाही तो टेलिग्रामला विचारतच नाही, त्यामुळे त्याला ४०९ यायचा प्रश्नच नाही. ज्याच्याकडे लॉक आहे त्यानं हटायचं नाही. एखादा ४०९ आला तर सोडून द्यायचा, अदलाबदलीच्या क्षणी तो येऊ शकतो. पण येतच राहिला, तर आमच्या दोन यंत्रांबाहेर कुणाकडे तरी टोकन आहे. तेव्हा वाचत राहून तालमीच्या गटाला सेंडमेसेजनं ताकीद पाठवायची. झगडा चालू असतानाही पाठवणं चालतं, हे इथं उपयोगी पडलं. पुढचा निर्णय माणसाचा.

लॉग भरून सर्व्हर गुदमरू नये म्हणून दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत जातं. टोकनच चुकीचं असेल तर प्रोसेस ठरावीक कोड देऊन संपते आणि पडलेली सर्व्हिस परत उठवणाऱ्या सिस्टिमडीला सांगून ठेवलंय की या कोडवर परत उठवू नकोस.

२ जून

निरोप हातात आल्यावर काय करायचं, ते आज बदललं. लॉक कितीही चोख असलं तरी अदलाबदलीत एखादा निरोप दोनदा येऊ शकतो. पहिल्यानं घेतला, ऑफसेट पुढं सरकवायच्या आधी पडला, दुसऱ्यानं परत घेतला. हे चालेल. एकदाही न येणं चालणार नाही. त्यामुळे क्रम पक्का केला : आधी निरोप जसाच्या तसा तक्त्यात, मगच ऑफसेट. तक्त्याची मुख्य किल्ली अपडेट क्रमांक. तोच क्रमांक परत आला तर डेटाबेस गपचूप सोडून देतो. काकांच्या दोन म्हशी चार होणार नाहीत आणि नाहीशाही होणार नाहीत.

"आलेला क्रमांक शेवटच्या क्रमांकाहून मोठा आहे ना" अशी तपासणी जुन्या कोडमध्ये होती, ती काढली. आठवडाभर बॉटवर काहीच आलं नाही तर टेलिग्राम पुढचा क्रमांक क्रमानं न देता कुठलाही देतं. आमचा बॉट फेब्रुवारी-मार्चमध्ये ओस पडलेला असतो. पहिल्याच पुराच्या दिवशी आलेला निरोप 'जुना' म्हणून फेकला गेला असता.

सुरू होताना साचलेले निरोप टाकून देणारा पर्यायही बंद केला. शिकवण्याच्या पानांवर तो सर्रास चालू ठेवलेला असतो. गमतीच्या बॉटला ते ठीक आहे. आमच्याकडे वीज नसताना साचलेले निरोपच सगळ्यात महत्त्वाचे.

उत्तरं देणं, गटाला कळवणं, गावनिहाय यादी करणं ही कामं आता तक्त्यातून उचलणाऱ्या वेगळ्या प्रोसेस करतात. त्या कितीही असू देत. दुसऱ्यानं धरलेली ओळ वगळून पुढची घ्यायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, त्यामुळे त्या एकमेकींत अडकत नाहीत. दूध संस्थेत काट्यावर लिहिणारा एकच असतो, कॅन उचलायला मागं कितीही हात असले तरी चालतात, तसं.

७ जून

सगळ्यात अवघड प्रसंग उरला होता. डेटाबेस सर्व्हरवर आहे. सर्व्हरच गेला, किंवा त्याच्यापर्यंतचा रस्ता दिवसभर बंद राहिला, तर लॉक कुणालाच मिळणार नाही आणि बॉट गप्प बसेल. टेलिग्राम न वाचलेले निरोप २४ तासांपर्यंतच ठेवतं. २०१९ आणि २०२१ ला इथं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत २४ तास हा फार मोठा काळ नव्हता.

तालमीतला संगणक आपोआप ताबा घेईल अशी रचना करता येईल का? दोनच यंत्रं असताना नाही. समोरचा मेलाय की फक्त मधला रस्ता तुटलाय, हे एकाला कधीच खात्रीनं कळत नाही. तिसरं मत लागतं. तिसरं यंत्र उभं करायला पैसा आणि सांभाळणारा माणूस हवा. माझं मत : इथं तिसरं मत माणसाचंच असावं, आणि त्याच्या हातात अशी कृती द्यावी की जुना वाचक परत येऊच शकणार नाही.

ती कृती म्हणजे टोकन रद्द करणं. बॉटफादरला सांगितलं की जुनं टोकन जागच्या जागी निकामी होतं आणि नवं मिळतं. सर्व्हर दोन तासांनी जागा झाला, लॉक घेतलं, वाचायला गेला, तरी त्याला ४०१, म्हणजे टोकन अमान्य, असं उत्तर मिळेल आणि तो तिथंच थांबेल. नवं टोकन फक्त तालमीतल्या संगणकात. तो स्थानिक एसक्यूलाइट फाइलीत निरोप घेत राहील, नंतर मुख्य तक्त्यात मिसळायचे. किल्ली तीच, अपडेट क्रमांक, त्यामुळे मिसळताना दुहेरी होत नाही.

टोकन रद्द करता येतं ते फक्त बॉटच्या मालकाच्या खात्यातून. बॉट आजवर एका जुन्या कार्यकर्त्याच्या खात्यावर होता. त्यांनी लगेच होकार दिला आणि मालकी तालमीच्या स्वतःच्या नंबरवर आणली. तो फोन तात्यांच्या कपाटात, चार्जरसकट.

१४ जून

खरं टोकन आज बदललं. जुनं कुठल्या लॅपटॉपवर, कुठल्या फाइलीत राहिलं असेल याची चौकशी करत बसण्यापेक्षा ते निकामी करणं सोपं. त्यानंतर लॉगमध्ये ४०९ नाही.

संध्याकाळी तात्यांनी स्वतः ताबा घ्यायचा सराव केला. मी आणि ती मुलगी बाहेर कट्ट्यावर बसलो, मदत करायची नाही असं ठरवून. कागदावरच्या पायऱ्या वाचत त्यांनी टोकन रद्द केलं, नवं घातलं, सर्व्हिस सुरू केली. एका जागी अडले : नवं टोकन फोनवरून संगणकात टंकताना मोठं-लहान अक्षर चुकलं. तिथं बदल केला, आता फोन केबलनं जोडून टोकन चिकटवता येतं. चिखलीच्या काकांना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी मधल्या वेळात निरोप टाकला : "दोन म्हशी, रेडकू आता मोठं झालंय, तीन धरा." सुरू झाल्याबरोबर तो नोंदीत आला.

१९ जून

करवीर तालुक्यातल्या आणखी एका गावच्या पोरांनी विचारलं, "तुमचाच बॉट आमच्या सर्व्हरवर पण चालवू का, टोकन द्या." टोकन दिलं नाही. बॉटफादरकडून त्यांचा वेगळा बॉट काढून दिला आणि कोड तोच दिला. लॉकचा आकडा आपोआप वेगळा होतो. त्यांना आमची पाणीपातळी हवी असेल तर आमची पाठवणारी प्रोसेस त्यांच्या टोकननंही पाठवू शकते, त्याला वाचायचा हक्क वापरावा लागत नाही. उद्या त्यांच्या यंत्रावर पोस्टग्रेसचे कीपअलाइव्हचे, म्हणजे गप्प जोडणीच्या विचारपुशीचे, आकडे तपासायला जायचंय. ते डीफॉल्टवर असणार.